मेंजियाची गवतवाट

या पाहुणे, बसा बर्फगाडीत. तिकडून नको, इकडून चढा, तिथली पायरी गुळगुळीत झालीय. घोंगडी पायांवर घ्या, नुसती मांडीवर नाही, पार खाली बुटांपर्यंत. तिला घोडीचा वास येतो, त्याला माझा इलाज नाही. हॉटेलच्या बर्फगाड्यांत कोल्ह्याच्या कातड्याची पांघरुणं असतात. त्यांना वासही येत नाही आणि ऊबही येत नाही. माझं नाव नुओट. घोडीचं नाव फ्लूरा. तिला चाबूक चालत नाही, मला घाई चालत नाही, म्हणून आमचं जमतं. जंगलातून वरच्या कुरणाखालपर्यंत जाऊ आणि परत येऊ. तेवढ्यात तुम्हाला एक गोष्ट सांगतो. खरी आहे, गेल्याच हिवाळ्यातली. आणि ऐकून झाल्यावर मी तुमच्याकडे एक मागणं मागणार आहे, ते आत्ताच सांगून ठेवतो. मागाहून म्हणाल, म्हातारा गोड बोलून गळ्यात पडला.

चल गं, फ्लूरा.

तुम्ही चढता चढता विचारलंत ना, इथं सुट्टीत करायचं काय? अहो, करायला पुष्कळ आहे. सकाळी रोपवेनं वर जायचं, पायाला स्की बांधून खाली यायचं. ते जमलं नाही तर वरच खुर्ची टाकून शॅम्पेन पीत तोंड भाजून घ्यायचं. तळं गोठलंय, त्यावर दगड सरकवायचा खेळ चालतो. त्यात दगडाच्या पुढं झाडू मारत पळावं लागतं. घरी ज्यांनी जन्मात झाडू धरला नाही ती माणसं इथं हौसेनं बर्फ झाडतात. गरम पाण्याच्या कुंडात गळ्यापर्यंत बसायचं आणि डोक्यावर बर्फ पडू द्यायचा. घड्याळांची दुकानं बघायची. कुत्र्याला कोट घ्यायचा. मी टिंगल करत नाही हो. ह्याच लोकांवर माझी फ्लूरा जगते, आणि मीही.

पण उद्या सकाळी आमच्या गावात जे व्हायचंय, ते तुम्हाला हॉटेलात कुणी सांगणार नाही. उलट तुम्ही ते बघू नये म्हणून त्यांनी काय काय करून ठेवलंय, ते ऐकाच.

आता उजवीकडे बघा. मोठ्या हॉटेलची काचेची गच्ची दिसते ना? तिला अगदी खेटून काळ्या लाकडाचा गोठा आहे. वरून बघितलं तर पांढऱ्या दातांत एक किडका दात दिसावा तसा. तो मेंजियाचा. मेंजिया माझ्याच वयाची, शाळेत माझ्या पुढच्या बाकावर बसायची. शाळा मी लवकर सोडली, तिनं माझ्या आधी सोडली. तिच्या चार गाई आहेत आणि जीभ एक आहे, पण ती एकच चार गाईंना भारी पडेल.

आणि आता मान वर करा. त्या देवदारांच्या वर उभं कुरण आहे, तेही तिचंच. इतकं उभं की गवत कापताना माणूस कमरेला दोर बांधतो. तिथं ना ट्रॅक्टर जातो ना चाकाची गाडी. म्हणून उन्हाळ्यात कापलेलं गवत तिथल्याच खोपटात रचून ठेवायचं, आणि हिवाळ्यात बर्फ पडला की घसरगाडीवर लादून खाली आणायचं, थेट गोठ्याच्या दारात. त्या वाटेला आम्ही गवतवाट म्हणतो.

ह्या वाटेचा हक्क कागदावर नाही, वापरावर आहे. दर हिवाळ्यात एकदा तरी गवत त्या वाटेनं खाली आलं पाहिजे. आणि ते येताना गोठ्याच्या दारात एक परका माणूस उभा पाहिजे, गावाबाहेरचा. त्यानं चेरीच्या दारूचा पेला प्यायचा आणि सगळ्यांसमोर सांगायचं, "पाहिलं." परकाच का? अहो, गावातले सगळे एकमेकांचे चुलते, नाहीतर वैरी. आमच्या म्हाताऱ्यांचा एकमेकांवर काडीचा भरवसा नव्हता. खिंड ओलांडून आलेला मीठवाला, भांडी सांधणारा, कुणीही चालायचा. त्याला ना देणं ना घेणं. एक हिवाळा चुकला की वाट गेली, कायमची.

आमच्या बाकी सगळ्यांच्या वाटा अशाच गेल्या. माझ्या बापाची गेली ती लढाईच्या दिवसांत, परका माणूसच मिळेना गावात. त्या वाटेवर आता गॉगलचं दुकान आहे. आता गावात एकच गवतवाट उरलीय, मेंजियाची. आणि ती बरोब्बर त्या उतारावरून येते जो हॉटेलनं विकत घेतला.

हॉटेलचा मॅनेजर कुर्दिन. परका असता तर एक वेळ बरं होतं. तो मेंजियाच्या सख्ख्या भावाचा मुलगा. ह्याच गोठ्यात दुधाच्या चरवीत तोंड घालून मोठा झाला, मग शहरात जाऊन हॉटेलं चालवायला शिकून आला. त्याला हवं होतं की पाहुण्यांनी डोंगरावरून स्की करत यावं ते थेट गच्चीवर, जेवणाच्या टेबलाशी, मधे पाय उचलायचं काम नको. मधे फक्त आत्याची वाट आणि आत्याचा गोठा. वाट गेली की गवत नाही, गवत नाही की गाई नाहीत, गाई नाहीत की गोठा कशाला? हिशोब सरळ होता.

आणि मेंजियाचा नवरा बाल्झर, दरवर्षी घसरगाडी आणणारा, तो गेल्या हिवाळ्याआधीच्या पानगळीत वारला. माती अजून बसली नव्हती, तेवढ्यात कुर्दिन आक्रोडाचा केक घेऊन आला. मी तिथंच होतो, जवाचं सूप पीत.

"आत्या, ह्या वर्षी तू त्रास घेऊ नकोस. तुझं सगळं गवत मी आणून देतो. हेलिकॉप्टरनं. एका सकाळीत."

"माझ्या गाईंना वरून पडलेलं पचत नाही," मेंजिया म्हणाली.

"मस्करी करू नकोस गं."

"सुरुवात कुणी केली?"

केक तिनं ठेवून घेतला. केक चांगला होता, तिच्याच आईच्या पद्धतीचा.

पुढच्या आठवड्यात परत आला. ह्या खेपेला बरोबर गळ्यात कॅमेरा अडकवलेली एक पोरगी. "आत्या, माझ्या डोक्यात एक कल्पना आलीय. तुला वाट सोडायला नको, काही नको. दर शनिवारी दुपारी तू घसरगाडी आणायची. आजीचा तो लाल पोशाख घालायचा. पाहुणे गच्चीवर बसतील, आम्ही गरम वाइन देऊ. लोकांना काहीतरी अस्सल हवं असतं गं."

"दर शनिवारी? गवत वर आहेच केवढं?"

"तेच गवत मशीननं परत वर नेऊ."

मेंजिया आधी हसली. मग हसायची थांबली. "म्हणजे तेच गवत खाली, तेच वर, तेच खाली. आणि माझ्या गाई काय खातील रे, टाळ्या?"

"तुला मानधन मिळेल."

"आणि ते देणार कोण?"

"हॉटेल."

"म्हणजे मी तुझ्या परवानगीनं माझ्या वाटेवरून चालणार. आणि एखाद्या शनिवारी तू म्हणालास, आत्या आज नको, आज वाजंत्री आहे, की मी घरी बसणार." ती उठली, त्याच्या कोटाचं बटण सैल झालं होतं ते तिनं बोटानं चाचपलं. "हे शिवून घे. आणि जा."

आहे ना लबाडी कळणारी बाई? मला तर तोवर ती कल्पना बरी वाटायला लागली होती. गरम वाइन म्हटल्यावर माझं डोकं जरा मंद चालतं.

मग गोडवा संपला. उतारावर बर्फ फवारायच्या तोफा आल्या. तो तोफेचा बर्फ म्हणजे दगड. त्यावर मशीन फिरवून काच केली, दोन्ही बाजूंना लाल जाळी बांधली आणि पाटी ठोकली, फक्त स्की करणाऱ्यांसाठी. मी धावत जाऊन तिला सांगितलं. तिनं हातातली गाईची कास सोडली नाही.

"त्या पाटीवर माझं नाव आहे?"

"नाही."

"मग ती माझ्यासाठी नाही."

थांबा हं जरा, फ्लूराला इथं थांबायची सवय आहे. ह्या वळणावर ती रोज मुतते. घाई केली तर रुसते. बघा तोवर, ते खोपट दिसायला लागलं, छपरावर बर्फाचा टोप घातलेलं. आत उद्याचं गवत आहे.

झालं बाई तुझं? चल.

तर मग दिवस ठरला. परका माणूस कोण, हा प्रश्नच नव्हता. ओल्थोफ होता. हॉलंडचा, उंच, इतका सभ्य की दाराला धडकला तर दाराची माफी मागेल. गेली कित्येक वर्षं हिवाळा-उन्हाळा इथंच येतो, चर्चमागं त्याचं छोटं घर आहे. बाल्झरच्या वेळीही तोच दारात उभा राहायचा. त्याला दारू झेपायची नाही, पेला प्याला की कान लाल व्हायचे, पण "पाहिलं" मात्र ठणठणीत म्हणायचा.

सकाळी आम्ही दोघं वर चढलो, मेंजिया आणि मी. मी म्हटलं, "शिंगं मी धरतो." घसरगाडीला पुढं दोन वळलेली लाकडी शिंगं असतात. मधे उभं राहायचं, पाठ गवताला टेकवायची, टाचा बर्फात रोवायच्या आणि अख्खा डोंगर पाठीवर घेऊन खाली यायचं. बाईनं शिंगं धरल्याचं आमच्या गावात कुणी ऐकलं नव्हतं.

मेंजियानं माझ्या गुडघ्यांकडे बघितलं. "हे गुडघे घेऊन? तू मागं दोर धर, गाढवा. आणि ओरडू नकोस, मला ऐकू येतं."

गवत लादलं, चादरीत बांधलं, गाडी फार पळू नये म्हणून घसरपट्ट्यांखाली साखळ्या टाकल्या. बाल्झरचे खिळ्यांचे बूट तिनं घातले होते, आत दोन-दोन मोजे भरून. जाळीपाशी आलो. मला वाटलं ही आता सुरी काढणार. नाही. तिनं एकेक गाठ सोडली, जाळी नीट गुंडाळली आणि खांबाला टांगून ठेवली. म्हणाली, "जाळी फाडली असती तर म्हणाला असता, आत्यानं नुकसान केलं."

आणि मग उतार. काय सांगू! आजूबाजूनं स्कीवाले सुर्र सुर्र जातायत, कुणी शिट्टी मारतोय, कुणी शिव्या देतोय, आणि मधून गवताचा डोंगर चाललाय, त्याच्या पुढं टोपी घातलेलं एवढंसं डोकं. त्या काचेसारख्या बर्फावर साखळ्या किंचाळत होत्या. मी मागं दोराला लोंबकळत होतो, धरून ठेवत होतो की धरून राहिलो होतो ते देवाला ठाऊक. एका जागी गाडी तिरकी झाली. मी ओरडलो. समोरून आवाज आला, "काय सांगितलं होतं?" आणि गाडी सरळ झाली.

दाराशी आलो. गोठ्याची भिंत आणि गच्ची ह्यांच्या मधे फक्त गाडी मावेल एवढी जागा. ओल्थोफ उभा होता, दाढी करून, गळपट्टा बांधून. गावातले बरेच जण जमले होते. गच्चीवर पाहुणे जेवायला बसायच्या तयारीत. मेंजियानं शिंगं सोडली, बाटली काढली, पेला भरला. ओल्थोफनं हात पुढं केला.

"एक मिनिट," कुर्दिन म्हणाला.

तो गच्चीच्या पायऱ्यांवर उभा होता. चिडलेला नव्हता, तेच मला आवडलं नाही. "आत्या, श्री. ओल्थोफ परके कसे? मागच्या ऑगस्टमध्ये, सणाच्या दिवशी, गावानं त्यांना आपला मानद गावकरी केलं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. आणि गळ्यात गाईची घंटा कुणी बांधली, आठवतंय ना?"

सगळे मेंजियाकडे बघायला लागले. कारण ती घंटा मेंजियानं बांधली होती. स्वतःच्या गाईची, काढून. तिनंच सुचवलं होतं. म्हणाली होती, माणूस इतकी वर्षं येतोय, कुणी त्याला आपला म्हणेना, लाज वाटली पाहिजे आपल्याला. आणि आम्ही सगळ्यांनी, मीसुद्धा, हात दुखेपर्यंत टाळ्या पिटल्या होत्या. एकाच्याही डोक्यात आलं नाही की आपण आपला परका माणूस हातचा घालवतोय. असला शहाणपणा आमच्याच गावात होऊ शकतो.

ओल्थोफचा चेहरा बघण्यासारखा झाला. आधी पडला, मग हळूहळू उजळला. "म्हणजे," तो म्हणाला, "ते खरं होतं? मला वाटलं नुसतं कौतुक म्हणून..."

"खरं होतं," मेंजिया म्हणाली. "ती घंटा काय मी खोटी बांधली?"

"मग मी दारू प्यायची नाही."

"नाही. तू आता गावातला. गाडीच्या मागं जा आणि नुओटबरोबर दोर धर."

आणि तो गेला! अहो, बढती मिळाल्यासारखा गेला.

कुर्दिन दोन पायऱ्या खाली आला. आवाज मऊ केला. "आत्या, झालं गं. तू प्रयत्न केलास. बाल्झरकाकांनाही अभिमान वाटला असता. आता गाडी बाजूला घे, गवत मी आत टाकवतो. मागं पाहुणे खोळंबलेत."

खरंच खोळंबले होते. गाडीनं गच्चीकडं जायचं तोंडच बंद केलं होतं. वरून स्कीवाले येत होते आणि एकामागं एक थांबत होते, धरणाला पाणी तुंबावं तसे. सगळे गच्चीवर जेवायला निघालेले.

मेंजियानं मागं बघितलं, तुंबलेल्या गर्दीकडे. मग शांतपणे गाडीच्या शिंगावर बसली.

"गवत दाराबाहेर आहे ना अजून?"

"हो."

"मग फेरी संपलेली नाही. फेरी संपेपर्यंत ह्या गर्दीतला कुणीतरी परका पुढं येईल. मी थांबते."

"आत्या!"

"आत्या-बित्या काही नाही, मॅनेजरसाहेब. तुमच्या स्कीच्या उतारावर मी बसलेलीच नाही. मी माझ्या वाटेवर बसलेय."

कुर्दिननं रोपवेवरच्या पोरांना बोलावलं. पोर्तुगालची पोरं, दर हिवाळ्याला येतात. त्यातला आडेलिनो पुढं आला. "ही गाडी ओढून बाजूला करा." आडेलिनोनं गाडीकडे बघितलं, मेंजियाकडे बघितलं. मग कमरेवर हात ठेवला.

"साहेब, माझ्या कमरेत उसण भरलीय."

"कधी?"

"आत्ताच."

दुसऱ्याचा खांदा दुखत होता. तिसऱ्याला काही सुचलं नाही, तो नुसताच लंगडायला लागला.

मी मेंजियाच्या कानाशी लागलो. "आडेलिनो परकाच आहे की. त्याला पेला दे." पोरानं ते ऐकलं आणि बुटांकडे बघायला लागला. मेंजिया माझ्यावर खेकसली. "त्याला विचारायचं नाही. आज त्यानं तोंड उघडलं तर उद्या त्याला घरी पाठवतील. कुणाच्या पोटावर पाय देऊन मला माझी वाट नकोय."

समोर परके ढीगभर होते, पण कुर्दिन एकालाही आमच्याजवळ येऊ देईना. मग आम्ही बसून राहिलो. कुर्दिन पाहुण्यांना चार भाषांत सांगत होता, कृपया परत वर चला, दुसऱ्या वाटेनं उतरा, सगळ्यांना शॅम्पेन आमच्याकडून. काही जण वैतागून वळलेही. हा आमचा माणूस माणसं घालवण्यात हुशार, ते मान्य करायला हवं. मी मेंजियाकडे बघितलं. तिचे ओठ निळे पडले होते. खिळ्यांच्या बुटांत पाय थरथरत होते, बर्फावर टकटक आवाज येत होता. तिनं हातानं गुडघे दाबून धरले, आवाज बंद केला.

तेवढ्यात गर्दीतून एक बाई वाट काढत आली. डोक्यापासून पायापर्यंत पांढरी, बर्फात फक्त गॉगल आणि नाक दिसावं. मिलानची, सिन्योरा ब्राम्बिला. दरवर्षी येते, तीन दिवस नुसतं बिल वाचून भांडते. स्कीच्या काठीनं तिनं गवताला टोचलं.

"हे काय आहे?"

"गवत," मी माझ्या मोडक्या इटालियनमध्ये म्हणालो.

"मला दिसतंय गवत. ते माझ्या जेवणाच्या आड का आलंय? माझं सूप सांगून ठेवलंय. ही बाई उठायचं काय घेईल?"

"काही घेणार नाही. उलट देईल. हा पेला प्यायचा, आणि काय पाहिलं ते सांगायचं. तुम्ही ह्या गावच्या नाही ना?"

"देवाची कृपा, नाही!"

कुर्दिन धावतच आला. "सिन्योरा, ही इथली एक घरगुती बाब आहे, तुम्ही मनस्ताप करून घेऊ नका, मी तुम्हाला स्वतः मागच्या दारानं..."

"मागच्या दारानं?" सिन्योरा म्हणाली. झालं! असल्या बाईला मागचं दार सांगतात होय? शहरात काय शिकवलं ह्याला कोण जाणे. तिनं मेंजियाच्या हातून पेला घेतला आणि एका दमात रिकामा केला. डोळ्यांत पाणी आलं असणार, गॉगलमुळे दिसलं नाही. ओठ पुसले.

"पाहिलं," ती म्हणाली.

कुर्दिन अजून शेवटची काडी धरून होता. "पण काय पाहिलंत, सिन्योरा? नेमकं काय, ते सांगावं लागतं."

सिन्योरानं त्याच्याकडे असं बघितलं जसं बिलातल्या न मागवलेल्या पदार्थाकडे बघते. मग गच्चीवर, उतारावर, सगळीकडे ऐकू जाईल असा आवाज लावला. "ही वेडी म्हातारी आपल्या वाटेनं आपलं गवत आपल्या गोठ्याच्या दारात घेऊन आली. ते मी पाहिलं. आणि तुमच्या बोलण्यापायी माझं सूप गार झालं, तेही पाहिलं. आता दार उघडा!"

मेंजियानं दार उघडलं.

त्यानंतर जो गोंधळ झाला म्हणता! गाव ओरडतंय, गच्चीवरचे लोक कशाला ते न कळता टाळ्या वाजवतायत, आडेलिनोची उसण बरी झाली, तो गवताचे भारे उचलायला लागला. ओल्थोफ आपल्या महागड्या जाकिटात गवतानं माखून आत-बाहेर करत होता, कान लाल, एक थेंबही न पिता. कुर्दिन दारातच उभा होता. मेंजियानं जाता जाता एक भारा त्याच्या छातीशी दिला. "धर." त्यानं धरला. लहानपणची सवय, हात आपोआप पुढं येतात. क्षणभर तसाच उभा राहिला, नाक गवतात. मग भान आलं, भारा खाली ठेवला, कोट झटकला आणि गेला. कॉलरला एक काडी राहिली होती. मी सांगितलं नाही.

तर अशी ती गोष्ट. पण संपली कुठं आहे? वाट दर हिवाळ्यात नवी साक्ष मागते. आणि कुर्दिन चुकलेलं परत चुकत नाही. उद्या आम्ही गवत आणणार हे त्याला कळलंय. म्हणून उद्या सकाळी हॉटेलनं गावातल्या झाडून सगळ्या पाहुण्यांना हिमनदीवर न्याहारीला बोलावलंय. वर वाजंत्री, गरम हवेचे फुगे, अंडी, मासे, सगळं फुकट. तुमच्याही दाराखालून निमंत्रण सरकवलं असेल. रोपवेची पोरं पण सगळी वरच. बर्फगाड्यासुद्धा साऱ्या दूरच्या दरीत फेऱ्यांना लावून टाकल्यात, त्यांनी कुणा पाहुण्याला इकडं आणायला नको. मलाही विचारलं, मी नाही म्हटलं, म्हणून तर आता हॉटेलच्या दारातली जागा गेली आणि मी चर्चपाशी उभा असतो. उद्या खाली गावात परका म्हणून औषधाला सापडणार नाही. आणि सिन्योरा ह्या वर्षी समुद्रावर गेलीय. म्हणाली, तिथं सूप गरम मिळतं.

मेंजियाला म्हटलं, यंदा कसं करायचं? ती म्हणाली, "गेल्या वर्षीसारखं. दारात बसायचं. कुणी येईपर्यंत बसायचं." वसंत आला तरी बसेल ती, मी ओळखतो तिला. पण पाय आता फार थरथरतात तिचे. यंदा शिंगं मी धरणार होतो. नाहीच म्हणाली.

हे आलं बघा चर्च. उतरा सावकाश, पायरी सांभाळा. भाडं पुरं द्या, एक फ्रँक कमी नको. उद्या कुणी म्हणायला नको की नुओटनं माणूस विकत आणला.

आणि आता माझं मागणं. मी तुम्हाला आमची बाजू घ्या म्हणत नाही. तुम्ही आमचे कुणी नाही, तेच आम्हाला हवंय. उद्या सकाळी हिमनदीवर जाऊ नका. मेंजियाच्या गोठ्याच्या दारात येऊन उभे राहा. बूट जाड घाला, वेळ लागेल. पेला पुढं आला की घ्या, कडक असते, श्वास धरून घ्या. आणि मग कुणाच्याही तोंडाकडे न बघता, जे दिसलं तेवढंच मोठ्यानं सांगा. सांगाल ना?